खेळण्यांच्या गावात : चन्नपट्टणहून

बेंगळुरूहून म्हैसूरला जायला आता दोन रस्ते आहेत. एक जुना, गावागावांच्या पेठेतून जाणारा. दुसरा नवा द्रुतगती महामार्ग, ११८ किलोमीटर लांबीचा, १२ मार्च २०२३ रोजी ज्याचे उद्घाटन झाले. नव्या रस्त्याने प्रवासाचा वेळ बराच वाचतो, यात शंका नाही. पण तो वाटेतल्या गावांना बाहेरून बगल देऊन जातो, आणि ज्या गावांना त्याने बगल दिली त्यांत चन्नपट्टण आहे.

हे गाव बेंगळुरूपासून साधारण ६० किलोमीटरवर आहे. कन्नडमध्ये त्याला ‘गोंबेगळ ऊरु’ म्हणतात, म्हणजे बाहुल्यांचे गाव. जुन्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खेळण्यांची दुकाने आहेत. दुकानाच्या दारात लाल-पिवळे लाकडी घोडे उभे असतात, वर दोरीला खुळखुळे आणि भोवरे टांगलेले असतात. पूर्वी म्हैसूरला निघालेले कुटुंब इथे चहाला थांबायचे आणि गाडीतली मुले घोड्यासाठी हट्ट धरायची. आता त्या गाड्या दुसऱ्या रस्त्याने भरधाव निघून जातात. चन्नपट्टण पाहायचे असेल, तर ठरवूनच यावे लागते.

आम्ही ठरवूनच आलो होतो. कारण तसे घरगुतीच होते.

आमचा पुतण्या डिप्लोमा झाला, पुण्यात दोन वर्षे एका कारखान्यात नोकरीला होता. आता त्याच्या मनाने घेतले आहे की मिरजेत खेळण्यांचे दुकान टाकायचे. दादीच्या नावावरचा एक प्लॉट विकला गेला, त्याचे पैसे बँकेत आहेत आणि त्या पैशांवरच त्याची नजर आहे. घरात दोन तट पडले. भाईजान म्हणाले, “आजकाल दोन वर्षांच्या पोराच्या हातातही मोबाईल असतो. खेळणी घेणार कोण?” भाभींचे म्हणणे, “पोराला हौस आहे तर करू द्या.” दादी काहीच बोलल्या नाहीत, पण पैसे त्यांचे होते आणि या वयात ते पुन्हा उभे राहणार नव्हते. तेव्हा आम्ही नवरा-बायकोने सुचवले, की दुकानाची जागा बघण्याआधी खेळण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या घर चालवणारी माणसे बघू या. महाराष्ट्रात सावंतवाडीची चितार आळी आहेच, तीही पाहायची होती. पण ज्या गावाची ओळखच खेळण्यांवर उभी आहे, तिथे आधी जावे असे ठरले.

वाटेवर

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेहून दुपारी निघालो की सकाळी बेंगळुरू येते. तिथून म्हैसूरकडे जाणारी पॅसेंजर धरली. डब्यात मद्दूर वडा विकणारे चढले. कांदा आणि रवा घातलेला हा चपटा, खुसखुशीत वडा या मार्गाची खूण आहे.

वाटेत बिडदी लागते. तिथे टोयोटाचा मोटारींचा मोठा कारखाना आहे. पुढे रामनगर. तिथले काळेकभिन्न खडक पाहून पुतण्या खिडकीकडे झेपावला. १९७५ चा ‘शोले’ याच खडकांत चित्रित झाला होता. आमच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्याचे फारसे कौतुक नव्हते. ते रेशमाच्या कोशांचे व्यापारी निघाले. रामनगरची कोशांची बाजारपेठ आशियातल्या सर्वांत मोठ्यांपैकी मानली जाते. म्हणजे चन्नपट्टणच्या पोराला आज तीन वाटा खुल्या आहेत : रेशीम, मोटारींचा कारखाना, नाहीतर बेंगळुरूची नोकरी. खेळण्यांचा धंदा या तिघांशी स्पर्धा करून माणसे टिकवतो आहे. हे लक्षात ठेवूनच आम्ही स्टेशनवर उतरलो.

टिपू सुलतानांच्या काळापासून

या कलेचे नाते टिपू सुलतानांशी जोडले जाते. त्यांनी इराणी कारागिरांना बोलावून इथल्या लोकांना लाकडावर लाखेचे काम शिकवले, अशी परंपरा आहे. गावात आजही ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. टिपूंचे धर्मगुरू मानले गेलेले अकील शाह कादरी यांची कबर याच गावाबाहेर आहे. टिपूंची राजधानी श्रीरंगपट्टण याच रस्त्यावर पुढे लागते. १७९९ च्या मे महिन्यात ती पडली, सुलतान शहीद झाले, राज्य गेले. कारागिरी मात्र राहिली.

पुढच्या काळात बावस मियाँ यांचे नाव येते. त्यांना चन्नपट्टणच्या खेळण्यांचे जनक म्हणतात. जपानी पद्धतीचे तंत्र त्यांनी आत्मसात केले आणि ते स्वतःपुरते न ठेवता गावातल्या कारागिरांना दिले, म्हणून हे नाव आजही आदराने घेतले जाते.

जुन्या गॅझेटियरमध्ये चन्नपट्टणची ओळख तीन गोष्टींनी दिली आहे : लाखेच्या वस्तू व खेळणी, काचेच्या बांगड्या, आणि तंतुवाद्यांना लागणारी बारीक पोलादी तार. तारेचा उल्लेख ऐकून मिरजेच्या माणसाचे कान टवकारणारच. आमच्या गावात सतार आणि तानपुरा करणारी घराणी आहेत. त्यांचे मूळ पुरुष फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी ओसरली, तेव्हा ते वाद्यांकडे वळले. हात तोच, हातातली वस्तू बदलली. चन्नपट्टणमध्ये पुढचे दोन दिवस आम्ही जे ऐकले, त्याचा अर्थ लावायला आम्हाला ही घरचीच गोष्ट फार उपयोगी पडली.

खरादीवर

गावात राज्याच्या हस्तकला विकास महामंडळाचे लाखकामाचे केंद्र आहे आणि कारागिरांची कलानगर नावाची वस्ती आहे. घराच्या पुढच्या खोलीत किंवा मागच्या पडवीत खराद बसवलेली. सकाळी गल्लीतून चालताना दाराआडून येणारा मोटारीचा घुमणारा आवाज ऐकू येतो आणि लाखेचा गोडसर, जळका वास नाकात भरतो.

एका उस्तादांनी आम्हाला आत घेतले. सलाम-दुआ झाली. आमची दख्खनी आणि त्यांची दख्खनी यांत अंतर थोडेच, त्यामुळे दहा मिनिटांत परकेपणा गेला. वय साठीच्या पुढे, बोटांच्या टोकांना लाखेचे रंग कायमचे चिकटलेले.

लाकूड त्यांनी आधी पुतण्याच्या हातात दिले. वजनाला हलके, रंगाने हस्तिदंतासारखे पांढरट. कन्नडमध्ये याला ‘आले मर’ म्हणतात. आपल्याकडे ज्याला काळा कुडा म्हणतात तेच हे झाड. ओले लाकूड कातता येत नाही. ते महिनोन्‌महिने वाळवावे लागते, नाहीतर पुढे खेळण्याला चीर जाते. वाळलेले ओंडके कापून तुकडे करायचे, मग खरादीवर चढवायचे. पूर्वी खरादीला दोरी किंवा कमान लावून हाताने फिरवायचे, आता बहुतेक ठिकाणी विजेची मोटार आहे.

पटाशीने आकार आला की लाखेची कांडी हातात घ्यायची. लाख निखाऱ्यावर मऊ करून, तिच्यात रंग मळून या कांड्या केलेल्या असतात. पिवळ्यासाठी हळद, निळ्यासाठी नीळ, असे वनस्पतींचे रंग. फिरत्या लाकडावर कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. ब्रश नाही, रंगाचा डबा नाही. शेवटी केवड्याच्या जातीचे वाळलेले पान फिरत्या खेळण्यावर दाबायचे. त्या पानाने लाख सारखी पसरते आणि काचेसारखी चमक येते. हे सगळे पाहायला लागतात पाच-सात मिनिटे. हाताला यायला किती वर्षे लागतात, असे विचारल्यावर उस्ताद हसले. “अजून येतंय,” म्हणाले.

त्यांच्या पायाजवळ एक टोपली होती. त्यात खुळखुळ्याच्या काही कड्या टाकलेल्या. आम्हाला त्या चांगल्याच दिसत होत्या. त्यांनी एक उचलली आणि कडेवर नख फिरवले. एका जागी बारीक खरखर होती. “ये चुल्हे में जाता,” ते म्हणाले. “मियाँ, ये बच्चे के मुँ में जाने की चीज है. दिवानखान्यात ठेवायचा फुलदाण असता तर चाललं असतं. जे मी माझ्या नातवाच्या तोंडात देणार नाही, ते गिऱ्हाइकाच्या टोपलीत टाकत नाही.”

पुतण्याने विचारले, “चाचा, गिऱ्हाइकाला एवढं कळतं का?”

“एकाला कळत नाही. दहा वर्षांनी सगळ्यांना कळतं.”

तीन पिढ्यांच्या वस्तू

दुपारी चहा झाल्यावर आम्ही त्यांना धंद्याविषयी थेट विचारले. आजोबांच्या वेळी त्यांच्या घरात कुंकवाच्या डब्या, पाळण्यावरची खेळणी आणि दसऱ्याच्या बाहुल्या होत. म्हैसूर भागात दसऱ्याला घराघरांत बाहुल्या मांडतात, तो त्यांचा हंगाम. वडिलांच्या वेळी लाकडी मण्यांची मागणी आली. मोटारीच्या सीटवर टाकायची मण्यांची जाळी तुम्ही पाहिली असेल. त्या मण्यांवर गल्लीतल्या कितीतरी घरांनी मुलींची लग्ने केली. मग ती फॅशन गेली. पुढे चीनमधून स्वस्त प्लास्टिकची खेळणी आली आणि ज्या किमतीत इथे नुसते लाकूड येत नव्हते, त्या किमतीत तिथून बॅटरीवर चालणारी मोटार येऊ लागली. गल्लीतल्या निम्म्या खरादी थांबल्या. कोणी रेशमाकडे गेले, कोणी बिडदीला. उस्तादांनी चार वर्षे बेंगळुरूत रिक्षा चालवली.

“पण खराद विकली नाही,” ते म्हणाले. “भंगारवाला दोनदा येऊन गेला.”

ते परत आले, तेव्हा मागणी पुन्हा बदलली होती. शहरांतल्या शिकलेल्या आई-वडिलांना बाळाच्या तोंडात प्लास्टिक नको होते. बेंगळुरूचे काही तरुण डिझायनर गल्लीत येऊ लागले. एकावर एक चढवायच्या कड्या, मोजणीचे मणी, दोरीने ओढायची आगगाडी, पकडायला सोपा खुळखुळा अशा वस्तू मागू लागले. उस्तादांना सुरुवातीला हे हास्यास्पद वाटले. ना नाक, ना डोळे, नुसत्या गोल कड्या! पण त्यांनी करून पाहिल्या. आज त्यांचे घर या कड्यांवरच चालते.

आमच्या मनात मिरजेचे शिकलगार आले. कसब तेच ठेवायचे आणि वस्तू बदलत राहायची. ज्याने वस्तूच धरून ठेवली त्याची खराद थांबली. ज्याने कसबच सोडले त्याच्याकडे, मागणी परतली तेव्हा, द्यायला काही उरले नव्हते.

मग उस्तादांनी पुतण्याला एक जुनी वही दाखवली, उधारीची. कोणाकडे माल गेला, पैसे कधी आले, कोणाचे आलेच नाहीत. बऱ्याच पानांवर एकच नाव होते. एका मोठ्या ठोक व्यापाऱ्याला ते सगळा माल द्यायचे. भाव ठरलेला, गाडी दाराशी, सुखाचे दिवस. एका वर्षी त्याने माल घेणे थांबवले आणि घरात दोन महिने चूल जपून पेटली. तेव्हापासून त्यांचा नियम आहे : गिऱ्हाइके चार, आणि कोणाकडेही तिसऱ्या हिश्शाहून जास्त माल नाही. “एका गिऱ्हाइकावर घर नक्को चलाना बेटा. तो चांगला असला तरी.”

दुसरा नियम हंगामाचा. दसरा-दिवाळी आणि उन्हाळ्याची सुटी यांत पैसा येतो, पावसाळ्यात हात आखडतो. म्हणून चांगल्या महिन्यांत लाकूड घेऊन वाळत घालायचे. पैसा लाकडाच्या रूपात पडवीत पडला की तो लग्न-कार्यात उडत नाही आणि मंदीत हाताला कामही राहते. हे त्यांना कोणी बँकेने शिकवलेले नाही. वडिलांनी शिकवले.

बायकांचे हात

शेजारच्या एका मोठ्या खोलीत सात-आठ बायका कामाला होत्या. कोणी आगगाडीची चाके खुंटीने बसवत होती. इथे खिळा वापरत नाहीत, लाकडी खुंट्याच. कोणी दोऱ्यात मणी ओवत होती. एक आपा स्वतः खरादीवर बसल्या होत्या, ओढणी मानेमागे घट्ट बांधून.

पूर्वी खराद पुरुषांची आणि रंग-जोडणी बायकांची, असाच शिरस्ता होता. या आपांच्या शोहरचे काम बंद पडले तेव्हा त्या प्रशिक्षणाला गेल्या. गल्लीत कुजबुज झाली. “बोलनेवाले बोले,” त्या म्हणाल्या, “पर फीस तो स्कूलवाले मांगते ना.” त्यांची मुलगी बारावीला आहे. तिला त्या शिकवणार आहेत, जितके शिकेल तितके. पण सुटीत तिला खरादीवरही बसवतात. नोकरी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली किंवा सुटली, तर हातात काहीतरी असावे.

आमच्या घरातल्या बाईने त्यांना विचारले की नगावर मजुरी परवडते का. त्यांनी खरे ते सांगितले. कारखान्याचा पगार याहून जास्त असतो आणि तो ठरल्या तारखेला येतो. म्हणूनच तरुण पोरे इथे थांबत नाहीत. उस्तादांचा मोठा मुलगाही कारखान्यात आहे. धाकटा मात्र घरी राहिला. तो खरादीवर फारसा बसत नाही. तो फोनवर बसतो. वस्तूंचे फोटो काढतो, दुसऱ्या राज्यांतून मागण्या घेतो, पार्सल बांधतो. उस्ताद सुरुवातीला त्याच्यावर रागवायचे. आता त्यांच्या चार गिऱ्हाइकांतले एक गिऱ्हाईक म्हणजे त्या पोराचा फोन आहे.

जुन्या रस्त्यावर

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या रस्त्यावरच्या दुकानांत गेलो. काही शटर बंद होती, दारातल्या घोड्यांच्या खुणा फरशीवर तशाच. उघड्या दुकानांत दोन तऱ्हा दिसल्या.

एका दुकानावर चन्नपट्टणच्या खेळण्यांची मोठी पाटी होती. आत मात्र निम्म्या भिंतीवर प्लास्टिकच्या बंदुका आणि बॅटरीची वानरे लटकत होती. दुकानदार हताश होता. महामार्ग झाल्यापासून दिवसभरात थांबणाऱ्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्या. सगळा दोष त्याने रस्त्याला दिला, आणि त्याचे दुःख खोटे नव्हते. गाव तेच, दुकान तेच, मेहनत तीच, आणि गिऱ्हाईक एका दिवसात दुसरीकडून जाऊ लागले.

थोडे पुढे गेल्यावर दुसरे दुकान लागले. ते लहान होते, पण सगळा माल गावातला. दुकानदारांच्या मागे पार्सलची खोकी रचलेली. रस्त्याचा फटका त्यांनाही बसला होता. पण बेंगळुरूच्या शाळा आणि काही दुकाने त्यांच्याकडून नियमित माल नेत होती. शिवाय मोडलेले खेळणे कधीही आणा, फुकट जोडून देऊ, अशी त्यांची पद्धत. “जोडायला आलेला माणूस रिकाम्या हाताने कधी जातो का?” ते हसून म्हणाले.

परतताना पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “उस्ताद चाचांच्या वहीतलं ते एकच नाव, तसंच हे. त्या पहिल्या दुकानदाराचं एकच गिऱ्हाईक होतं. रस्ता.”

हे वाक्य आम्हाला सुचले नव्हते. पण या प्रवासाचे सार विचाराल तर तेच आहे.

कायदा, शुल्क आणि भरवसा

मधल्या काळात सरकारी बाजूनेही बरेच काही घडले आहे आणि ज्याला या धंद्यात यायचे आहे त्याने ते जाणून घ्यायला हवे. चन्नपट्टणच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे दुसरीकडचा माल या नावाने विकता येत नाही, निदान कायद्याने तरी. २०१५ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात कर्नाटकाचा चित्ररथ याच खेळण्यांचा होता. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’ मध्ये चन्नपट्टणचे नाव घेतले. त्याच वर्षी आयात खेळण्यांवरचे सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत उत्पादकांना त्यातून सूट आहे. म्हणजे दुकानदाराने प्लास्टिकचे खेळणे ठेवताना चिन्ह बघायचे आणि हातकामाचे ठेवताना कारागिराची नोंदणी बघायची.

उस्ताद या सगळ्याबद्दल शुक्रगुजार आहेत. पण त्यावर ते घर बांधत नाहीत. शुल्क आज वाढले, उद्या कमी होईल. भाषणात नाव आले की महिनाभर फोन वाजतात, मग थांबतात. त्यांच्या मते टिकते ते एकच : घेऊन गेलेल्या माणसाने पुढच्या बाळाच्या वेळी पुन्हा येणे. खेळण्याचा धंदा विचित्र आहे. गिऱ्हाईक दर तीन-चार वर्षांनी मोठे होऊन निघून जाते. मूल वाढले की खुळखुळा संपला. कापडवाल्याला तेच गिऱ्हाईक आयुष्यभर मिळते, खेळणीवाल्याला नाही. म्हणून त्याला आईचा भरवसा कमवावा लागतो. आई तिच्या बहिणीला सांगते, बहीण जावेला. त्या बोलण्यावरच त्याचे दुकान चालते.

पुतण्याचा हिशेब

परतीच्या गाडीत पुतण्याने वही काढली आणि हिशेब मांडला. स्टेशन रोडवरचा भाड्याचा गाळा त्याने खोडला. अनामत, भाडे आणि शोकेस यांतच दादीचे निम्मे पैसे गेले असते आणि तो गाळाही पुन्हा एका रस्त्याच्याच भरवशावर. त्याऐवजी पैशांचा चौथा हिस्सा घ्यायचा. माल लाकडाचा आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचाच ठेवायचा, म्हणजे त्यातले खरेखोटे ओळखायला शिकता येईल. चन्नपट्टणचा आणि सावंतवाडीचाही. बालवाड्यांच्या बाई, बाळंतपणाची हॉस्पिटले, फोनवरची मागणी आणि मीरासाहेबांच्या उरुसातला एक ठेला, अशी चार गिऱ्हाइके. मोडलेले जोडून द्यायचे. वर्षभर सांगलीत नोकरी शोधून ती चालू ठेवायची आणि मगच दुकानाचे बघायचे.

घरी आल्यावर भाईजानांनी वही दोनदा वाचली आणि मोबाईलवाल्या पोरांचा प्रश्न पुन्हा काढला. प्रश्न खराच आहे. पण सहा महिन्यांच्या बाळाला मोबाईल चावता येत नाही, खुळखुळा येतो, असे उत्तर भाभींनी दिले. दादींनी एवढेच विचारले, “त्या उस्तादांनी खराद विकली नाही म्हणालास ना?” पुतण्या “हो” म्हणाला. मग त्यांनी चौथ्या हिश्शाच्या चेकवर सही केली. बाकीचे पैसे बँकेतच आहेत, आणि ते तिथेच राहावेत यावर सगळ्यांचे एकमत आहे.

धंदा चालेल की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही. बरकत देणारा अल्लाह आहे. पण कोणत्या गोष्टीवर विसंबायचे आणि कोणत्या नाही, एवढे तरी त्याला कळले.

जायचे असेल तर

आपल्यापैकी कोणी म्हैसूर-श्रीरंगपट्टण पाहायला निघाले, तर वाटेत एक दिवस चन्नपट्टणसाठी ठेवावा. बेंगळुरूहून रेल्वे सोयीची आहे. गाडीने गेलात तर महामार्ग सोडून जुन्या रस्त्याला लागा. शुक्रवारी दुपारी जुम्याच्या वेळी कलानगरातल्या बऱ्याच खरादी थांबलेल्या असतात, तेव्हा सकाळीच जा. मुलांना बरोबर न्या. खेळणे कसे होते हे एकदा पाहिलेले मूल ते सहसा फेकत नाही.

विकत घेताना कडेवरून नख फिरवा, सांधा हलवून बघा, लहान मूल गिळेल असा सुटा भाग नाही ना ते पाहा. रंग लाखेचा आहे का, विचारा. भाव करताना थोडा आवरता घ्या. त्या वस्तूत महिनोन्‌महिने वाळलेले लाकूड आहे आणि खरखर राहिली म्हणून चुलीत गेलेल्या कड्यांची किंमतही त्यातच आहे.